फोटो प्रदर्शनं बघायला सांगलीहून एक दिवस मुंबई : प्लॅन तपासून द्या

कृष्णाकाठ (मंगळवार, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी,

सांगलीत आम्ही पाचजण आहोत. दर रविवारी सकाळी आयर्विन पुलावर नाहीतर हरिपूरच्या संगमावर कॅमेरे घेऊन जायचं, तासभर काढायचा आणि मग चहा. पाचातले चार हौशी. पाचवे आण्णा, वय ७२. त्यांनी चाळीस वर्षं स्टुडिओ चालवला, डिजिटल आल्यावर बंद केला. लग्नं, पासपोर्ट, शाळेचे ग्रुप फोटो, सगळं स्वतःच्या डार्करूममध्ये. हजारो प्रिंट हातानं काढल्या, पण फोटो भिंतीवर नीट फ्रेम करून, खाली काढणाऱ्याचं नाव लावून मांडलेला त्यांनी कधी निवांत बघितलेला नाही. त्यांना एक दिवस तसा दाखवायचाय.

मागच्या वर्षी एकदा जाऊन आलो. रजा सोमवारची सोयीची पडली म्हणून सोमवार धरला. एक म्युझियम बंद. एका गॅलरीत लोक शिडी लावून फ्रेमा उतरवत होते, म्हणाले उद्या नवीन लागणार, उद्या या. उरलेला दिवस गेटवेवर कबुतरं मोजली. प्लॅन माझाच होता, त्यामुळे अजून ऐकून घेतोय.

या वेळी प्लॅन असा : महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघायचं, सकाळी सीएसएमटी. नऊ-साडेनऊला भायखळ्याचं भाऊ दाजी लाड म्युझियम, अकराला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, एकला एनजीएमए (आधुनिक कलेची राष्ट्रीय गॅलरी), दोनला जहांगीर आर्ट गॅलरी, चारला एनसीपीए या नाट्य-संगीत केंद्रातली पिरामल गॅलरी, साडेपाचला फोर्टातली केमोल्ड गॅलरी, रात्री परतीची महालक्ष्मी. सहा ठिकाणं. काय काय चुकतंय ते सांगा, मनाला लावून घेणार नाही.

---

चारभिंती (मंगळवार, रात्री १०:४०)

काका, सहा ठिकाणं म्हणजे प्रदर्शन बघणं नव्हे, अष्टविनायक आहे. दोन ठिकाणी नारळ फोडा आणि या.

अवांतर : तुम्हा सांगलीकरांचं बरं आहे, जेवून गाडीत बसता आणि झोपता. आम्ही सातारकर मध्यरात्री त्या गावापासून लांब असलेल्या स्टेशनवर डास मारत गाडीची वाट बघतो.

---

हायपो४२ (मंगळवार, रात्री ११:२५)

मूळचा मिरजेचा, नोकरीची एकोणीस वर्षं फोर्टात काढली. दुपारच्या सुट्टीत डबा लवकर संपवून गॅलऱ्या बघायचो, त्यामुळे हा माझ्या हक्काचा विषय आहे. जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट, इमारतीच्या नावावर प्लॅन करू नका. मुंबईतल्या या म्युझियममध्ये कायमची दालनं मूर्तींची, चित्रांची, नाण्यांची, शस्त्रांची आहेत. फोटो येतात ते तात्पुरत्या प्रदर्शनांतून. तुम्ही जाल त्या आठवड्यात एनजीएमएच्या सगळ्या मजल्यांवर चित्रंच असू शकतात. म्हणून आधी 'या आठवड्यात कुठं काय लागलंय' ते बघायचं आणि मग ठिकाण ठरवायचं. प्रत्येकाच्या वेबसाइटवर नाहीतर इन्स्टाग्रामवर असतं. नसलं तर सरळ फोन लावायचा.

दुसरी गोष्ट वाराची. एनजीएमए सोमवारी बंद, भाऊ दाजी लाड बुधवारी बंद. खासगी गॅलऱ्या बहुतेक रविवारी बंद, बऱ्याच सोमवारीही. जहांगीरमधली प्रदर्शनं साधारण मंगळवारी लागतात आणि पुढच्या सोमवारी उतरतात. मागच्या वर्षी शिडी दिसली ती त्यामुळेच असणार. सोमवारी दुपारी तिथं गेलं की लग्न लागल्यावर मांडवात गेल्यासारखं होतं. हे सगळं जुळवलं की मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार एवढेच उरतात. नोकरीवाल्यांसाठी शनिवार. शुक्रवारी रात्री बसा, शनिवारी रात्री निघा, रविवारी सकाळी पोहे घरी.

तिसरी, जागा. काळा घोडा भागाचं नशीब असं की सगळं हाकेच्या अंतरावर आहे. जहांगीर १९५२ सालची, प्रवेश फुकट, अकरा ते सात. खालच्या सभागृहांत चित्रं असतात आणि ती बघून लोक परत फिरतात. वरचं टेरेस दालन फोटोंसाठी म्हणून ओळखलं जातं. जिना चढा. रस्ता ओलांडला की एनजीएमए, म्हणजे १९११ चा कावसजी जहांगीर हॉल. आतून बदलून १९९६ ला गॅलरी झाली. अर्धगोल मजले एकावर एक आहेत आणि शेवटी घुमट, आण्णांच्या गुडघ्यांना विचारून चढा. शेजारी वस्तुसंग्रहालय, १९२२ ला लोकांसाठी उघडलं. या दोन्ही इमारती वास्तुविशारद जॉर्ज विटेटच्या, गेटवेही त्याचाच, म्हणजे तुमच्या कबुतरांचीही सोय त्यानंच केलेली.

केमोल्ड हे जहांगीरचंच अपत्य. केकू आणि खोरशेद गांधींनी १९६३ साली जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर सुरू केली, २००७ ला फोर्टात प्रेस्कॉट रोडला गेली. तिथं फोटो असतीलच असं नाही, पण अशा खासगी गॅलऱ्यांत जायला लाजू नका. काचेचं दार, आत एसी, टेबलामागं एक मुलगी लॅपटॉप घेऊन बसलेली. आपल्याला वाटतं विकत घ्यायला आलो नाही तर हाकलतील. कोणी हाकलत नाही. उलट विचारलं तर माहितीचा कागद हातात देतात.

पिरामल गॅलरी मात्र खास फोटोग्राफीसाठीच आहे. नरिमन पॉइंटला एनसीपीएच्या आवारात, दुपारी बारा ते रात्री आठ, प्रवेश फुकट. दोन प्रदर्शनांच्या मधे रिकामीही असते, तेव्हा आधी फोन.

---

मिरजेचीमी (बुधवार, सकाळी ७:०५)

हायपोदादा, छान लिहिलंत. कोरडं राहिलेलं मी भरते, कारण पुरुषमंडळींच्या प्लॅनमध्ये खाणं आणि बाथरूम हे दोन रकाने कधीच नसतात.

सीएसएमटीला क्लोक रूम आहे, मोठ्या पिशव्या तिथं ठेवा. पिशवीला कुलूप लागतं, घरून न्या. म्युझियममध्ये मोठ्या सॅक बाहेर ठेवायला लावतात आणि ती रांग वेगळी. सकाळी वेटिंग रूममध्ये आवरून घ्या. स्टेशनसमोर आरामचा वडापाव खा आणि मगच निघा, अकराच्या आत कुठलीच गॅलरी तुमची वाट बघत नाही. जेवायला काळा घोड्यालाच चेतना आहे, थाळी मिळते. आण्णांना बसून जेवता येईल हे महत्त्वाचं.

पायात बूट रोजचे घाला. नवे नकोत. मी अनुभवानं बोलतेय.

---

कंदीपेढा (बुधवार, दुपारी १:३०)

उठसूट मुंबई कशाला? आमच्या सातारा जिल्ह्यात औंध आहे की! बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ ला यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय उभं केलं. रविवर्मांची चित्रं आहेत, हेन्री मूरचं शिल्प आहे. लोक त्यासाठी लंडनला जातात आणि आपण खटाव तालुक्यातलं बघत नाही. २०२४ ला वाघनखं साताऱ्यात आली तेव्हा तिकिटाला रांग, एरवी त्याच म्युझियमकडं कोणी ढुंकून बघत नाही.

---

कृष्णाकाठ (बुधवार, दुपारी २:१०)

पेढेवाले, मान्य. औंध तीनदा झालंय, चौथ्यांदा जाईन. पण तिथं चित्रं बघायची. आण्णांना फोटो दाखवायचेत. रविवर्म्यापुढं उभं केलं तर म्हणतात, "झकास, पण ह्याला फिक्सर लागत नाही." (फिक्सर म्हणजे डार्करूममध्ये फोटो पक्का करायचं रसायन.)

---

भायखळारिटर्न (बुधवार, रात्री ९:४८)

सगळेजण भायखळा कापायला निघालेत म्हणून बाजू मांडतो. भाऊ दाजी लाड हे मुंबईतलं सगळ्यात जुनं म्युझियम, १८७२ चं. राणीच्या बागेला लागून. सीएसएमटीहून लोकल पकडा, मस्जिद, सँडहर्स्ट रोड आणि लगेच भायखळा.

आणि फोटोंशी नातं म्हणाल तर ते नावातच आहे. १८३९ ला पॅरिसमध्ये दागेरनं फोटो काढायची आपली पद्धत जाहीर केली आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती, फक्त पंधरा वर्षांत! पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. भाऊ दाजींचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे मुंबईतल्या सुरुवातीच्या आपल्याकडच्या फोटोग्राफरांपैकी एक. एक भाऊ ताम्रपट वाचतोय, दुसरा काचेवर माणसं उतरवतोय. तेव्हाची काच म्हणजे ओलं कलोडियन, काचेवर चिकट रसायनाचा थर द्यायचा, १८५१ ची पद्धत. काच ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच धुवायचा. मुंबईच्या उकाड्यात किती वेळ मिळत असेल बघा.

---

हायपो४२ (बुधवार, रात्री १०:३०)

भायखळा, नात्याला हरकत नाही, पण नातं भिंतीवर लागलेलं नसतं. त्या आठवड्यात तिथं फोटोंचं काही असेल तरच जावं. नाहीतर भायखळ्यात दोन तास मोडतात आणि काळा घोड्याला दमून पोचतो. इमारत मात्र स्वतंत्र दिवस काढून बघावी अशी आहे, हे कबूल.

कृष्णाकाठ, आता ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू आहे. सीएसएमटीहून हुतात्मा चौक एकच स्टेशन, वर आलं की काळा घोडा चालत. संध्याकाळी पिरामलसाठी पुन्हा हुतात्मा चौकातून बसा आणि विधान भवनला उतरा. आण्णांचं चालणं वाचेल.

बघण्याच्या दोन-चार गोष्टी. जुने फोटो असले की दालनात अंधार वाटेल. लाइट गेलेली नसते, मुद्दाम कमी ठेवलेली असते. जुन्या प्रिंटांवर साधारण ५० लक्सच्या वर उजेड पडू देत नाहीत. ऑफिसात आपण ५०० लक्समध्ये बसतो. उजेडानं झालेलं नुकसान भरून येत नाही, म्हणून अशी प्रदर्शनं काही महिन्यांत उतरवून प्रिंटा परत अंधारात ठेवतात. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर पाच मिनिटं बाकावर बसा, मग काळ्यातला तपशील दिसायला लागतो. लोक दारातून आत येतात, 'काही दिसत नाही' म्हणतात आणि त्याच वेगानं बाहेर पडतात.

कपडे गडद घाला. फ्रेमच्या काचेत पांढरा शर्ट आरशासारखा दिसतो. फोटो बघायला जायचं आणि स्वतःचं पोट बघून यायचं!

---

चारभिंती (बुधवार, रात्री १०:४१)

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा.

---

कृष्णाकाठ (गुरुवार, सकाळी ८:२०)

ठरलं. शनिवार. भायखळा रद्द, केमोल्ड जमलं तर. फोन लावतो आणि तिकिटं काढतो. सगळ्यांचे आभार. पाचही जण काळे शर्ट घालून निघणार, टीसीला वाटेल मोर्चा आहे.

---

कृष्णाकाठ (सोमवार, रात्री ९:३०)

वृत्तांत लिहितो, उशीर झाला.

सकाळचं सगळं मिरजेचीमी ताईंनी सांगितलं तसं. वडापाव दोन-दोन. अकराला पाच मिनिटं कमी असताना आम्ही जहांगीरच्या दारात, आमच्या आधी फक्त एक शाळेची सहल. खालची चित्रं भरभर बघितली आणि जिना चढलो. वर एका तरुणाचं कोळीवाड्यावरचं प्रदर्शन होतं, मोठे रंगीत इंकजेट. मुलगा स्वतः उभा होता. फोटो चांगले होते, आम्हाला आवडले. आण्णा म्हणाले, "काळा फार काळा केलाय. बोटीच्या खाली काय आहे ते दिसू दे की." मुलगा आधी जरा ताठला, मग फोनमधली मूळ फाइल उघडून दाखवायला लागला. बोटीच्या खाली एक कुत्रं झोपलेलं होतं! छापताना गेलं होतं. त्याच्या तोंडाकडं बघवेना.

एनजीएमएत फोटो नव्हतेच, हायपो४२ बरोबर होते. वीस रुपयांत चित्रं बघितली. आण्णा दुसऱ्या मजल्यावर बसले, आम्ही घुमटापर्यंत जाऊन आलो. वस्तुसंग्रहालय बाहेरूनच बघितलं. मन मोठं केलं आणि जेवायला गेलो.

खरी मजा जेवणानंतर. फोर्टातल्या एका खासगी गॅलरीत जुन्या स्टुडिओंमधले फोटो लावले होते, साधारण शंभर वर्षांपूर्वीचे. काचेचं दार, एसी, लॅपटॉपवाली मुलगी, तंतोतंत. छोट्याच प्रिंटा, वीसेक असतील. आम्ही दहा मिनिटांत फिरून झालो. वळून बघतो तर आण्णा पहिल्याच फोटोपाशी.

एक कुटुंब. पगडीवाला खुर्चीत, बायको नऊवारीत उभी, खाली दोन पोरं, मागं पडद्यावर रंगवलेला खांब आणि बाग. आण्णा समोरून बघतच नव्हते. भिंतीला खांदा लावून तिरके उभे, डोळा फ्रेमच्या कडेशी. वॉचमन दोनदा येऊन गेला. मी जवळ गेलो तर म्हणाले, "हिकडनं बघ."

तिरकं बघितल्यावर प्रिंटच्या काळ्या कडा निळसर, आरशासारख्या चमकत होत्या. आण्णा म्हणाले, ही चांदी आहे. ब्रोमाइड पेपरातली चांदी, दमटपणानं वर्षानुवर्षं वर येते. समोरून कळत नाही. मग खालच्या कोपऱ्यातला पिवळट डाग दाखवला : "हा मात्र कारागिराचा. हायपो, म्हणजे फिक्सर, नीट धुतला नाही. संध्याकाळ झाली असणार, गिऱ्हाईक दारात उभं असणार." आणि बाईच्या गालाकडं बोट केलं. "टचिंग बघ. निगेटिव्हवर पेन्सिलीनं केलंय, सुईसारखं टोक काढून, बारीक बारीक स्वल्पविराम. देवीचे वण घालवलेत. नवऱ्याच्या तोंडावर हात लावला नाही, त्याला कोण विचारतंय." मग स्वतःशीच हसले. "पैसे नवऱ्यानंच दिले असणार, आणि तोच म्हणाला असणार, हिचं जरा नीट करा."

तोवर लॅपटॉपवाली मुलगी मागं येऊन उभी होती. ती आत गेली आणि भिंग घेऊन आली. पुढचा पाऊण तास आण्णा, ती आणि भिंग. ती इंग्रजीत काहीतरी विचारायची, आमच्यातला एक मराठीत सांगायचा, आण्णा सांगलीच्या भाषेत उत्तर द्यायचे आणि ती वहीत लिहून घ्यायची. निघताना तिनं चहा दिला. आम्ही चार हौशी बाकावर रांगेत बसलो होतो, पालक सभेला बसतात तसे.

पिरामलला पोचलो साडेसहाला. तिथं अर्धा तास मिळाला, तेवढा पुरला. महालक्ष्मी मिळाली. म्हणजे सहापैकी साडेतीन ठिकाणं झाली, चारभिंतींचे दोन नारळ धरून.

आता खरा प्रश्न. परतीच्या गाडीत, कराडच्या अलीकडं, सगळे झोपलेले असताना आण्णांनी मला हलवून उठवलं. म्हणाले, माळ्यावर निगेटिव्हच्या चार पेट्या आहेत. १९७४ पासूनच्या, काही काचेच्याही, त्यांच्या गुरूंच्या. २०१९ ला पाणी घरात आलं तेव्हा दोन पेट्या भिजल्या. ४५ फुटांना धोक्याची पातळी, त्या वर्षी आयर्विनला पाणी ५७ च्या वर गेलं होतं, आठवत असेल. तेव्हापासून त्यांनी त्या उघडल्याच नाहीत. "फेकून दे म्हणणार होतो तुला," म्हणाले, "आता नको." काय करायचं?

---

हायपो४२ (सोमवार, रात्री १०:०५)

सगळ्यात आधी : काही करू नका. चिकटलेल्या निगेटिव्ह ओढून सोडवायच्या नाहीत, वरचा थर निघून येतो आणि चेहरा त्याच्याबरोबर जातो. काचेच्या तर पाण्यातही घालू नका. फिल्मला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर ती पेटी बाकीच्यांपासून वेगळी करा, तो वास म्हणजे फिल्मचा बेस कुजायला लागलाय आणि शेजारच्यांनाही लागतो. ज्या सुट्या आहेत त्या कडांना धरून उचला आणि कागदी पाकिटात ठेवा, प्लॅस्टिक नको. काचा आडव्या रचू नका, लांब कडेवर उभ्या ठेवा, ताटाळ्यात ताटं ठेवतो तशा.

भिजलेल्यांसाठी जाणकार माणूस हवा. तुम्ही जे वस्तुसंग्रहालय बाहेरून बघून आलात ना, तिथंच आर्ट कन्झर्व्हेशन सेंटर आहे. त्यांना विचारा. चांगल्या आहेत त्या लाइट पॅनेलवर ठेवून मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणाऱ्या लेन्सनं कॉपी करता येतात, स्कॅनरच पाहिजे असं नाही.

---

मिरजेचीमी (सोमवार, रात्री १०:२२)

१९७४ पासूनच्या म्हणता? आण्णांचा स्टुडिओ कुठल्या भागात होता? माझ्या आईबाबांचं लग्न ७८ चं, सांगलीतच. अल्बम पुरात गेला.

---

कृष्णाकाठ (सोमवार, रात्री १०:५०)

ताई, आण्णांना आत्ताच फोन केला. म्हणतात, पाकिटावर तारीख आणि आडनाव लिहायची सवय होती, ७८ ची पेटी वरची आहे, कोरडी. रविवारी सकाळी दहाला या. पॅनेल मी आणतो. हायपो४२, तुम्ही मिरजेला असाल तर तुम्हीही, मॅक्रो लेन्स आमच्यात कोणाकडंच नाही.

---

हायपो४२ (सोमवार, रात्री १०:५३)

आहे. येतो.

---

चारभिंती (सोमवार, रात्री ११:१५)

त्या पोराला कोणीतरी कळवा राव, कुत्र्यासकट परत छाप म्हणावं.